शिक्षकांच्या खोलीतील चार पिढ्या

एकत्र कुटुंबे मोडली, अशी हळहळ आपल्या घरोघर ऐकू येते. ती खोटी आहे असे नव्हे. परंतु एकत्र कुटुंबातील मानपान, रुसवेफुगवे, वडीलधाऱ्यांचा धाक आणि धाकट्यांची धुसफूस ही सर्व जेथे आजही सुखेनैव नांदतात, असे एक स्थान शिल्लक उरले आहे, व ते म्हणजे शाळेतील शिक्षकांची खोली. घरात निदान रक्ताचे नाते असते. आजोबांचा शब्द नातवाला कडू लागला तरी रात्री दोघे एकाच पंगतीला बसतात. शिक्षकांच्या खोलीत हे बंधन नाही. तेथे साठीकडे झुकलेला गृहस्थ आणि नुकतीच मिसरूड फुटलेला तरुण एकाच लांब मेजापाशी बसतात, एकाच हजेरीपुस्तकावर सह्या करतात व त्याच मुलांना शिकवितात. आणि या दोघांस एका जोखडाखाली चालविण्याचे काम मुख्याध्यापक नावाच्या तिसऱ्याच एका प्राण्याकडे सोपविलेले असते. हा तिसरा प्राणी मी बारा वर्षे होतो.

माझी योग्यता ती किती? मॅट्रिक होऊन अध्यापक विद्यालयाची पदविका घेतली, आणि त्याआधी आजोबांच्या समोर मांडी घालून रूपावली, अमरकोश व रघुवंशाचे काही सर्ग झाले. एवढ्या शिदोरीवर १९७८ साली बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या कुशीतील एका मोठ्या गावी, खाजगी अनुदानित प्राथमिक शाळेत मी लागलो. २००४ साली मुख्याध्यापक झालो व २०१६ साली अठ्ठावन्न वर्षे पुरी होताच नियमाप्रमाणे घरी बसलो. शाळेचे किंवा माणसांचे नाव मी येथे घेणार नाही. ती माणसे अजून हयात आहेत, आणि एकमेकांशी बोलतातही. हे सुख मला मोडावयाचे नाही.

अलीकडे इंग्रजीत या विषयावर पुष्कळ पुस्तके निघतात. माझ्या मुलाने त्यांपैकी एक मला आणून दिले होते. त्यात माणसांची वर्गवारी जन्मसालावरून केलेली आहे. महायुद्धानंतर जन्मलेले एका प्रकारचे, त्यांच्या पाठचे दुसऱ्या प्रकारचे, सहस्रक पालटताना वयात आलेले तिसऱ्याच प्रकारचे; जणू ज्वारीच्या वाणाप्रमाणे माणसाचा स्वभावही पेरणीच्या सालावर ठरावा. अमेरिकेत तसे असेल. आमच्याकडे शिक्षकांची पिढी जन्मसालावरून ओळखत नाहीत. ती नेमणुकीच्या हुकमावरून ओळखतात. कोण कोणत्या दाराने आत आला, हे एकदा कळले म्हणजे त्याचे वय विचारण्याचे कारण उरत नाही.

मी १९६४ साली पहिलीत बसलो, तेव्हा आम्हांला शिकविणाऱ्यांत दोन तऱ्हेचे लोक होते. बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. वरचे सारे शिक्षण उर्दूत. त्या दाराने आलेले एक गुरुजी आम्हांला गणित शिकवीत. बेरीज करताना त्यांचे ओठ हलत ते उर्दूत, आणि उत्तर मात्र फळ्यावर मराठीत उतरे. दुसरे तरुण गुरुजी पुण्याकडून शिकून आलेले; त्यांचे बोलणे इतके स्वच्छ, की आम्ही मुले मधल्या सुटीत त्यांची नक्कल करीत असू. दोघांत विस्तव जात नसे, असे आमच्या घरी बोलले जाई. मुलांना त्याचा पत्ता नव्हता. आमच्या लेखी एकाकडे गणित होते व दुसऱ्याकडे गोष्टी होत्या, आणि दोन्ही आम्हांला हवे होते.

आम्ही १९७८ सालचे लोक आलो ते पहिल्या दिवसापासून पुऱ्या पगारावर, आणि शेवटी निवृत्तिवेतन मिळणार ही खात्री बाळगून. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिक शाळेत लागणाऱ्या तरुणाने पहिली तीन वर्षे दरमहा तीन हजार रुपये मानधनावर काम करावयाचे, मग तो कायम. पुढे हे मानधन सहा हजार झाले, आणि २०२३ साली सोळा हजार. दरम्यान १ नोव्हेंबर २००५ ही तारीख आली. त्या दिवशी किंवा नंतर जो लागला त्याला जुने निवृत्तिवेतन नाही. मे २०१२ पासून नवी भरतीच थांबली, आणि २०१७ साली ‘पवित्र’ नावाची संगणकीय व्यवस्था निघाल्यावर परीक्षेच्या गुणांवरून, कोठल्या कोठल्या जिल्ह्यांतील मुले आमच्याकडे येऊ लागली. येणेप्रमाणे चार दारे झाली. वर्ग तेच, फळा तोच, खडूही त्याच खोक्यातला. परंतु माझ्या एका महिन्याच्या पगारात शेजारच्या वर्गातील शिक्षणसेवकाचे कित्येक महिन्यांचे मानधन बसे.

शिक्षकांच्या खोलीत ज्यास पिढ्यांचे भांडण म्हणतात, त्यात अर्ध्याहून अधिक भाग या दारांचा असतो, असे माझे मत बनले आहे. पैशाविषयी बोलणे आपल्यात हलकेपणाचे समजतात. म्हणून तरुण मनुष्य ‘मला तीन हजार मिळतात’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘गुरुजींना काही येत नाही.’ आणि ज्येष्ठ मनुष्य ‘याच्याकडे पाहून मला संकोच वाटतो’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘या नव्या पोरांना वळण नाही.’ दोघेही वयावर बोलतात, आणि दुखणे असते निराळ्याच जागी.

म्हणून मी एक पद्धत पाडली. नवा शिक्षणसेवक रुजू झाला, की त्या दिवशी दुपारी सर्वांस बसवून, त्याला किती मिळणार, किती वर्षे मिळणार आणि आम्हा प्रत्येकास किती मिळते, हे मी स्वतः वाचून दाखवीत असे. पहिल्या वेळी खोलीत अशी शांतता पसरली, की बाहेरच्या हापशाचा दांडा ऐकू यावा. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला संध्याकाळी गाठून चांगलेच सुनावले: मुलीच्या सासरी पगार सांगतात, शाळेत सांगत नाहीत! पण दुसऱ्याच आठवड्यात त्याच गृहस्थांनी आपण होऊन ठरविले, की शिक्षणसेवकाकडून तीन वर्षे चहाची वर्गणी घ्यावयाची नाही. वर्गणी ती केवढी? तरीही त्या दिवसापासून ‘वळण नाही’ हे शब्द मी फारसे ऐकले नाहीत. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यातील कर्मचाऱ्यांनी सात दिवस संप केला, तेव्हा मी घरी होतो. परंतु ज्यांचे निवृत्तिवेतन पक्के होते असे आमचे जुने लोकही उन्हात तरुणांच्या शेजारी बसले होते, हे मी डोळ्यांनी पाहिले.

आमच्या संस्कृत वाङ्मयात हा प्रश्न पुरातन आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त राजाच्या पदरी गणदास व हरदत्त असे दोन नाट्याचार्य आहेत, आणि श्रेष्ठ कोण यावर त्यांचे जुंपते. विदूषक आगीत तेल ओततो. (असा विदूषक प्रत्येक शाळेत एक तरी असतो, आणि तो सहसा फार लोकप्रिय असतो.) निर्णय देण्यास कौशिकी नावाच्या परिव्राजिकेस बसवितात. ती कोणाची नोकरी किती वर्षांची, हे विचारीत नाही. तुमच्या शिष्यांना पुढे आणा, त्यांचे काम पाहू, असे म्हणते. एखाद्याकडे विद्या स्वतःपुरती उत्तम असते, दुसऱ्याकडे ती दुसऱ्यास देण्याची हातोटी असते, हा भेदही तिला ठाऊक आहे. आणि याच नाटकाच्या प्रस्तावनेत, भासासारख्या नामवंतांना सोडून या नव्या कवीचे नाटक कशाला, या आक्षेपाला खुद्द कालिदासाने उत्तर दिले आहे, हेही विसरू नये. आज ज्याला आपण जुन्यांतील जुना मानतो, तो एके काळी शिक्षणसेवकच होता म्हणावयाचा!

दुसरी कथा आंगिरसाची. ताण्ड्य ब्राह्मणात ती आहे आणि मनुस्मृतीतही आली आहे. अंगिरसाच्या कुळातील एक अल्पवयी मुलगा आपल्या वडीलधाऱ्यांस मंत्र शिकवी, आणि शिकविताना त्यांस ‘बाळांनो’ अशी हाक मारी. वडीलधारी संतापले व देवांकडे गेले. देवांनी निकाल मुलाच्या बाजूने दिला: जो ज्ञान देतो तो पिता, मग त्याचे वय काहीही असो. ही कथा तरुण शिक्षकांस फार आवडते. मला ती सांगताना नेहमी असे वाटे, की देवांचा निकाल बिनचूक आहे. पण ‘बाळांनो’ ही हाक मारल्यावाचूनही मंत्र शिकविता आले असते. माझ्या बारा वर्षांतील निम्मा वेळ मंत्र कोणी शिकवावयाचा हे ठरविण्यात गेला, आणि उरलेला निम्मा ती हाक थांबविण्यात गेला. बावीस वर्षांच्या शिक्षणसेवकाला मुलांदेखत मी कधी ‘अरे’ म्हटले नाही, आणि कोणाला म्हणू दिले नाही.

आता मुख्याध्यापक कोणी व्हावे? महाराष्ट्रात खाजगी शाळांसाठी १९७७ चा कायदा आहे व त्याखाली १९८१ ची नियमावली. तिच्याप्रमाणे सेवाज्येष्ठतेच्या यादीत जो वर असेल आणि ज्याची पात्रता व कामगिरी ठीक असेल, त्याला हे आसन मिळते. मीही असाच यादीतून वर सरकत आलो. या नियमाची थट्टा करण्याची रीत आहे. परंतु संस्थाचालकाच्या मेहुण्यापेक्षा यादी बरी, हे ज्यांनी पूर्वीचा काळ पाहिला त्यांना सांगावे लागत नाही. यादीचा दोष एवढाच, की ती मनुष्यास खुर्चीवर बसविते, आणि त्या खुर्चीत बसून काय करावे हे सांगत नाही.

आमच्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईस, याचे अगदी उलटे उदाहरण घडून गेले आहे. योगेश्वरी विद्यालय १९१७ सालचे. त्या वेळी गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद. १९३५ साली तेथे मुख्याध्यापक म्हणून आले ते स्वामी रामानंद तीर्थ, पूर्वाश्रमीचे व्यंकटेश भवानराव खेडगीकर. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत त्यांनी काम केले होते, आणि तेथले त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपेही अंबाजोगाईस आले. स्वामीजींचा जन्म १९०३ चा. म्हणजे तेव्हा वय बत्तीस. शाळा अठरा वर्षांची चालती, तिच्या स्वतःच्या रीतीभाती पडलेल्या, आणि त्यात बाहेरून आलेला, भगवी वस्त्रे नेसलेला, बत्तीस वर्षांचा मुख्याध्यापक! आरंभापासून तेथे टिकलेला एखादा शिक्षक असेल, तर त्याची नोकरीच स्वामीजींच्या निम्म्या आयुष्याहून मोठी असणार. मी मुख्याध्यापक झालो तो शेहेचाळीसाव्या वर्षी, वीसपंचवीस वर्षे ज्यांच्या डब्यातली चटणी खाल्ली अशा माणसांवर. तरी माझी जीभ कोरडी पडली होती. त्या बत्तीस वर्षांच्या संन्याशाचा विचार मी त्या काळात फार केला. त्यांच्यापाशी यादी नव्हती, वय नव्हते, गावचा गोतावळाही नव्हता. मात्र स्वतःसाठी काहीएक नको असलेला मनुष्य प्रमुखाच्या जागी बसला, की ज्येष्ठांनाही त्याच्याखाली काम करण्यात कमीपणा वाटत नाही. इतरांपेक्षा पुढे सरकण्यासाठी हा इथे आला आहे, ही शंकाच उरत नाही. १९३८ साली स्वामीजींनी शाळा सोडून हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात उडी घेतली. शाळा मात्र चालू राहिली, ती आजतागायत. आम्हा संसारी माणसांस भगवे वस्त्र साधत नाही. पण निदान सर्वांत रटाळ तास आपण घ्यावा, एवढे साधते. मी शेवटचा तास घेत असे, जेव्हा मुले पेंगतात.

एका गोष्टीवरून मात्र मोठे वादळ झाले. आपल्या शाळांत अशी रूढी आहे, की पहिलीचा वर्ग सर्वांत नव्या शिक्षकाच्या गळ्यात मारावयाचा, आणि जसजसे केस पिकत जातील तसतसे वरच्या वर्गाकडे चढावयाचे. वरचा वर्ग म्हणजे प्रतिष्ठा. वास्तविक पहिलीचे काम सर्वांत कठीण. घरी वेगळीच बोली बोलणाऱ्या, खडू कधी हातात न धरलेल्या चाळीस लेकरांस अक्षर ओळखावयास लावणे हे नवशिक्याचे काम नव्हे. मी २००९ च्या जूनमध्ये वेळापत्रक उलटे केले. आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ गुरुजींस पहिली दिली आणि शिक्षणसेवकास चौथी. गुरुजींनी ते वेळापत्रक घडी करून खिशात घातले व तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गावात बोभाटा झाला, की हेडमास्तरांनी गुरुजींस खाली उतरविले. मी त्यांच्या घरी गेलो. एवढेच विचारले, की गावातील निम्म्या कर्त्या माणसांस पहिले अक्षर कोणी शिकविले? ते म्हणाले, ‘मी. पण तेव्हा मी तरणा होतो.’ मी म्हटले, ‘तेव्हा तुम्हांला येत नव्हते, आता येते.’ ते हसले नाहीत. परंतु चौथ्या दिवशी पहिलीच्या वर्गातून त्यांचा आवाज ऐकू आला. पुढे त्या वर्गाच्या दारात उभे राहून आमच्या दोन तरुण बाई मधल्या सुटीआधीचा अर्धा तास नुसते पाहत असत. अध्यापक विद्यालयात जे दोन वर्षांत शिकवीत नाहीत, ते त्या उंबऱ्यावर त्यांना मिळत होते.

२०१५ साली ‘सरल’ आले. प्रत्येक मुलाची सारी माहिती संगणकावर भरावयाची. दिवसा ते संकेतस्थळ चालत नसे. रात्री अकरानंतर जरा हलू लागे, आणि तेवढ्यात वीज जाई. सर्व शाळांत झाले तेच आमच्याकडेही होऊ घातले: हे काम धाकट्याचे! आमच्याकडील धाकटा तालुक्याच्या गावी जाऊन मध्यरात्रीपर्यंत बसे आणि सकाळी परिपाठाला डोळे चोळीत उभा राही. ज्येष्ठ मंडळी ‘आम्हांला ते कळत नाही’ असे म्हणून मोकळी. न कळणे हाही एक मोठा मान आहे, हे मी त्या वर्षी शिकलो. मी हुकूम काढला, की धाकटे सर फक्त कळा दाबतील. ज्याचा वर्ग त्याने आपले रजिस्टर घेऊन शेजारी बसलेच पाहिजे, मग रात्र असो की दिवस.

यातून जे निघाले, ते मात्र मी योजलेले नव्हते. पहिलीचे गुरुजी शेजारी बसून एकेक नाव सांगू लागले, आणि नावामागोमाग घर सांगू लागले. हा अमक्याचा, याचा बाप कोयत्यावर जातो. हिची आजी घरी असते. या दोघांचा मुकादम एकच, उचल घेतलेली आहे, दसरा झाला की ट्रक येणार. वाचकांपैकी पुण्यामुंबईकडच्या मंडळींस सांगितले पाहिजे, की आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीस सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे जातात. नवराबायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणतात. मुले बरोबर जातात, आणि हंगाम संपून परत येतात तोवर शाळेचे वर्ष संपत आलेले असते. धाकट्या सरांना हे ऐकून ठाऊक होते. परंतु गुरुजी बोलत गेले आणि त्यांनी संगणकावर निराळेच एक कोष्टक मांडले: कोण जाणार, कोणाकडे आजी किंवा चुलती मागे राहणार, कोणास हंगामी वसतिगृहाची सोय लागेल. पटावरील मुलांपैकी तिसरा हिस्सा जाणाऱ्यांत होता. आणि त्यातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी कोणी ना कोणी मागे राहणारे होते. तीस वर्षे गुरुजींच्या डोक्यात असलेली गोष्ट पहिल्यांदाच कागदावर उमटली. गुरुजींनाही ती प्रथमच समग्र दिसली. ते बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले.

मग दसऱ्यापूर्वी दोघे मिळून घरोघर गेले. मी काही ठिकाणी बरोबर होतो. एका घरी म्हातारी म्हणाली, ‘गुरुजी, ठिवते की लेकराला, पर त्याला खाऊ काय घालू?’ गुरुजींपाशी उत्तर नव्हते. धाकट्या सरांपाशी होते. हंगामी वसतिगृहाची योजना, कोणता अर्ज, कोणती तारीख, हे सारे त्यांना पाठ होते. दुसऱ्या घरी नेमके उलटे झाले. सर योजना सांगू लागले आणि बाप ऐकेचना. गुरुजी म्हणाले, ‘तुला मीच शिकवलंय. पोराला ठेव.’ तो ठेवून गेला. सगळे राहिले नाहीत. पाचवीतील एक मुलगी धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी गेली. उन्हाळ्यात आईबाप परत आले तेव्हा तिचे लग्न ठरत होते. तिचे नाव गुरुजींनी पटावरून कमी केले नाही. मला तसे करण्याचा आग्रह झाला तेव्हा ते उठून बाहेर गेले.

जी मुले फडावर गेली त्यांच्यासाठी धाकट्या सरांनी गुरुजींच्या आवाजातील पाढे भ्रमणध्वनीवर घेतले व पालकांस पाठविले. सांगलीकडच्या उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत, रात्री ते पाढे वाजत असत म्हणे. गुरुजी रोज विचारीत, ‘पोहोचला का हो आवाज?’ हा प्रश्न विचारावा लागू नये म्हणून त्यांनी स्वतःच ते यंत्र हाताळावयास शिकून घेतले. वय त्या वेळी सत्तावन्न. शिकविणारे सव्वीस वर्षांचे. ‘बाळांनो’ अशी हाक मात्र कोणी मारली नाही.

मी निवृत्त झाल्यावर वाटले होते, की हा विषय संपला. परंतु १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीच्या शिक्षकांपैकी ज्यांची नोकरी पाच वर्षांहून अधिक उरली असेल, त्यांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाली पाहिजे, नाहीतर नोकरी सोडावी लागेल. पाच वर्षांहून कमी उरली असेल त्यांना राहता येईल, पण बढती मिळणार नाही. आपल्याकडे ही परीक्षा २०१३ पासून आहे. नंतरच्या दाराने आलेले ती देऊनच येतात. आता आधीच्यांचीही पाळी आली. निकालाच्या बऱ्यावाईटपणावर मी बोलत नाही. पंचवीस वर्षे शिकविलेल्या मनुष्यास ‘तू शिक्षक आहेस काय’ असे विचारले, म्हणजे त्याला काय वाटते हे त्यालाच ठाऊक.

पहिलीच्या उंबऱ्यावर उभ्या राहणाऱ्या त्या दोन बाईंपैकी एक आज बावन्न वर्षांच्या आहेत. निकालाची बातमी आली त्या रात्री त्या माझ्याकडे आल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘गुरुजी, मी नापास झाले तर माझीच मुलं मला हसतील.’ मुले म्हणजे शाळेतली. घरच्यांची त्यांना भीती नव्हती. दुसऱ्या दिवशी मी शाळेतील सर्वांत नव्या शिक्षकास बोलावणे पाठविले. हे दुसऱ्या जिल्ह्यातले. २०२४ साली पवित्रमधून आले, गावात खोली घेऊन राहतात, आणि या परीक्षेत त्यांना उत्तम गुण आहेत. मी काही सांगण्यापूर्वीच ते म्हणाले, ‘बाईंना मी शिकवतो, पण मला पहिलीचा वर्ग जमत नाही, तो त्यांनी मला दाखवावा.’ मला मुख्याध्यापकपणा करावा लागला नाही, हे सांगावयास संकोच वाटत नाही.

त्या दिवसापासून आमच्या ओसरीवर सायंकाळी दिवेलागणीनंतर शिकवणी भरते. दीडशे प्रश्न, दीडशे गुण; पाच भाग, प्रत्येकी तीस. बालमानसशास्त्र व गणित तरुण सर घेतात आणि मराठीचे व्याकरण माझ्याकडे असते. परवा समासाचा प्रश्न निघाला. ‘नीलकमल’ हा कोणता समास? चार पर्यायांत तत्पुरुषही होता व कर्मधारयही. मी म्हणालो, हा प्रश्नच सदोष आहे. पाणिनीच्या मते कर्मधारय हा तत्पुरुषाचाच प्रकार, तेव्हा दोन्ही उत्तरे बरोबर. मी सूत्र म्हणून त्याची फोडही करून दाखविली. सरांनी ती मन लावून ऐकली, एकदोन शंकाही विचारल्या. मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, ‘गुरुजी, सूत्र बरोबर आहे, पण प्रश्न काढणाऱ्याला कर्मधारय हवा आहे. गोल तोच काळा करायचा, आणि एका मिनिटाच्या आत.’ बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलविली. त्यांनी गोल काळा केला, आणि मी पुढचा प्रश्न वाचावयास घेतला.